लोह ओळखणारा जंतु

चुनखडीच्या जमिनींत उसावर केवडा दिसतो. कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. तेथें लोहाचा तोटा नसतो. पण चुन्यामुळें तें अविद्राव्य होऊन मुळांस मिळत नाहीं, व मातींत टाकलेला हिराकसही बराचसा वायां जातो. हीच अडचण जंतूंसही येते. म्हणून ‘स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स’ हा जंतु पायोव्हर्डीन नांवाचा पदार्थ बाहेर सोडून त्याकरवीं लोह मिळवितो. हा पदार्थ जंबुपार किरणांत चमकतो. लोहाशीं जखडतांच त्याची चमक मंदावते. ही घट मोजून द्रावणांतील लोह ओळखणारीं साधनें शास्त्रज्ञांनीं रचिलीं आहेत. शेतकरी बंधूंनीं यांतील मर्म ध्यानीं घ्यावें: जमिनींत लोह किती, यापेक्षां पिकास किती मिळतें, हाच प्रश्न खरा होय. खर्चापूर्वीं मातीची परीक्षा करवावी.