रंगाच्या आधीचा फंडा
गाडीला नवा लूक द्यायचाय? मग शेड कार्ड जरा बाजूला ठेवा. माझी सेकंडहँड गाडी रंगवताना मी दोन शनिवार गॅरेजमध्ये बसून पाहिलं, खरं काम स्प्रे गनच्या आधीच होतं. गंजावरच लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर पावसाळ्यात फुगे आलेच समजा! आधी पत्रा साफ हवा. लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची. आधी 80 नंबरचा पेपर, मग 180. प्रायमरवर 400 ते 600, पाणी मारत. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळा. नुसत्या बोटांनी खळगे पडतात. शेवटी तळहात फिरवून बघा. आता हाताला लागणारा उंचवटा चकचकीत रंगाखाली डोळ्यांत खुपणारच. त्यामुळे गाडी प्रायमरवर असतानाच गॅरेजला चक्कर मारा. अर्धे पैसे तोवर खिशातच बरे!