बॅटरी मेली की नुसतीच थकली?

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना जानेवारीतील पहाट कशी असते हे सांगावयास नको. अशाच एका पहाटे आमच्या दादांच्या छातीत कळ आली. त्यांना गाडीत बसवून आम्ही किल्ली फिरविली, तो नुसता ‘टक्’ असा आवाज! अखेर शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीने इस्पितळ गाठले. दादा वाचले, परंतु ती पंधरा मिनिटे आम्ही जन्मभर विसरणार नाही. गाडी तीन आठवडे अंगणात उभी होती. दोष सर्वस्वी आमचा होता.

दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने बॅटरी न तपासताच ‘मेली, नवी घ्या’ असा निकाल दिला. एका वृद्ध मिस्त्रींनी मात्र मीटर लावून पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, ही मेली नाही, उपाशी आहे.”

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ साली शोधलेली शिसे व गंधकाम्लाची बॅटरीच आजही बहुतेक मोटारींत असते. तिच्या सहा घरांपैकी प्रत्येकात सुमारे २.१ व्होल्टचा दाब असतो. वीज खर्च होताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते. चार्ज केल्यावर ते पुन्हा मूळ रूपात जाते. मात्र बॅटरी फार दिवस रिकामी राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग उपाय चालत नाही. उभ्या गाडीतही घड्याळ वगैरे थोडी वीज खातच असतात. त्यात थंडीने रासायनिक क्रिया मंदावते.

काही तास बंद असलेल्या गाडीत मीटर १२.६ व्होल्ट दाखवील तर बॅटरी भरलेली. १२ च्या खाली गेल्यास रिकामी समजावी. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन अँपिअरने दहा-बारा तासांत भरते. या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर असावी. काडी किंवा विडी जवळ नको. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास पट्ट्या बुडालेल्या आहेत ना, ते पाहावे. कमी असल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे नव्हे. भरल्यावर रात्रभर ठेवूनही दाब टिकत नसेल, तरच ती मेली असे म्हणावे.

बदलताना प्रथम ऋण टोकाची तार सोडवावी, मग धन टोकाची. बसविताना क्रम उलटा. ऋण टोक गाडीच्या सांगाड्याशी जोडलेले असते. ते तसेच ठेवून धन टोक सोडवू लागलो आणि पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. नवी बॅटरी त्याच मापाची व अलीकडे तयार झालेली घ्यावी. जुनी भंगारात फेकू नये, विक्रेत्याकडे परत द्यावी. शिसे विषारी असते आणि २०२२ च्या नियमांचीही तशीच अपेक्षा आहे.

आमची ती ‘उपाशी’ बॅटरी पुढे दोन वर्षे चालली. नंतर चार्ज करूनही सकाळपर्यंत टिकेना, तेव्हा आम्ही ती बदलली. हल्ली दर रविवारी गाडी गावाबाहेर तासभर फिरवून आणतो. दादा शेजारी बसतात आणि किल्ली फिरविण्यापूर्वी न चुकता विचारतात, “जेवली आहे ना रे ती?”