स्वप्नातला दात आणि चार चौकटी

जळगाव जामोद तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञानावर बोलायला गेलो होतो. तास संपल्यावर नववीतली एक मुलगी मागे थांबली. "सर, आईला स्वप्नात दात पडलेला दिसला आणि पाचव्या दिवशी आजोबा गेले. आई म्हणते, मला आधीच कळलं होतं, मीच दुर्लक्ष केलं. खरंच तसं असतं का?" प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. घरात एक बाई स्वतःला दोषी मानत होती.

खुणांवरून पुढचे वाचण्याची रीत या तालुक्याला परकी नाही. भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. गोलाकार अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधोमध मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात. स्वप्नशास्त्राची रचनाही अशीच आहे: एक खूण आणि तिला आधीपासून ठरवून दिलेला अर्थ. एक फरक मात्र आहे. भेंडवळचे भाकीत पेरणीआधी जाहीर होते, त्यामुळे ते लिहून ठेवून पावसाच्या नोंदींशी ताडता येते. स्वप्नाचा अर्थ बहुधा घटना घडून गेल्यावर लावला जातो.

मग स्वप्नाबद्दल आपल्याला काय माहीत आहे? १९५३ साली शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेत काही काळ बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात. त्या वेळी जागे केल्यास बहुतेक जण स्वप्न सांगतात. प्रौढांच्या झोपेचा चौथा-पाचवा हिस्सा अशा झोपेचा असतो. म्हणजे स्वप्ने आपल्याला रोज पडतात. बहुतेक विसरली जातात, आणि एखादी घटना घडली की तिच्याशी जुळणारे तेवढे आठवते. दाताच्या स्वप्नाचेच पाहा. इस्रायलमधील संशोधकांच्या २०१८ सालच्या अभ्यासात या स्वप्नांचा संबंध सकाळी उठल्यावर दात-हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी दिसला. एका अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, पण खूण बाहेरच्या घटनेकडे नव्हे, आपल्याच जबड्याकडे बोट दाखवत असू शकते.

"पण पाचव्याच दिवशी कसे?" असे विद्यार्थी विचारतील. फळ्यावर हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. सोयीसाठी २५ लाख धरू. समजा, प्रत्येकाला दहा वर्षांत, म्हणजे ३,६५० दिवसांत, एकदाच हे स्वप्न पडते. तर जिल्ह्यात रोज सुमारे ६८५ जणांना ते पडेल. आणखी समजा, प्रत्येकाच्या जवळच्या नात्यात दहा वर्षांत एक मृत्यू होतो. तो स्वप्नानंतरच्या सात दिवसांतच येण्याची शक्यता ३,६५० पैकी ७. गुणाकार करा: उत्तर सुमारे १.३ येते. म्हणजे दोन्हींचा काडीचाही संबंध नसला, तरी रोज सरासरी एकाला तरी स्वप्न 'खरे ठरल्याचा' अनुभव येईल. आपल्या कानावर त्याचीच गोष्ट येते. बाकीचे सहाशेऐंशीहून अधिक जण काहीच सांगत नाहीत, कारण सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. गृहीत आकडे बदलून हिशेब पुन्हा करून पाहा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ज्यांची इच्छा असेल त्यांनी महिनाभर सकाळी उठताच एकच नोंद करावी: ठरवलेली खूण स्वप्नात दिसली की नाही. तिचा अर्थ आणि मुदत आधीच लिहून ठेवावी. शेवटी चार चौकटी आखाव्यात: खूण दिसली व घटना घडली, खूण दिसली, घटना नाही, खूण नाही, पण घटना घडली, दोन्ही नाही. आपण एरवी पहिलीच चौकट भरतो. चारही भरल्याशिवाय खुणेचा अर्थ ठरत नाही, मग ती स्वप्नातली असो की घटातली. बियाण्याला पैसे घालणाऱ्या शेतकऱ्यालाही हे कळणे गरजेचे आहे.

त्या मुलीला मी विचारले, "आजोबा आजारी होते का?" ती म्हणाली, "दोन महिने अंथरुणावर होते. आईच सगळं करायची." मनी वसे ते स्वप्नी दिसे, असे आपण म्हणतोच. त्या स्वप्नात आईची काळजी असेल, किंवा रात्री आवळले गेलेले दात. मृत्यूची तारीख त्यात नव्हती. आणि जी दोन महिने उशाशी बसली, तिने दुर्लक्ष केले असे कोण म्हणेल? "हे आईला सांग," मी म्हणालो, "पण आधी तिला तो हिशेब करून दाखव."