गुंठाभर जागेतलं वाढतं घर

तालुक्याच्या गावात नव्या वस्तीतून फिरताना हे दृश्य हमखास दिसतं: खाली दोन खोल्या, वर उघडी गच्ची आणि कॉलममधून वर आलेल्या गंजलेल्या सळया. पुढं मजला चढवायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण जिना कुठून जाईल, वरची मोरी कुठं येईल, हे बहुतेकदा ठरलेलं नसतं. पाच-सात वर्षांनी पैसे जमतात, तेव्हा बैठकीच्या खोलीचा कोपरा फोडून जिना बसवावा लागतो. खोली अंधारते आणि तोडफोडीचा खर्च वेगळा होतो.

सर्वसाधारण कुटुंबाचं घर एका दमात पूर्ण होत नाही. ते हप्त्याहप्त्यानं वाढतं, हे गृहीत धरूनच नकाशा काढायला हवा.

इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत नेमकं हेच केलं गेलं. पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात ती आखली. सुमारे ८५ हेक्टर जागेत साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट होते आणि त्यांतले सर्वांत लहान फक्त ३५ चौरस मीटरचे, म्हणजे जेमतेम पावणेचारशे चौरस फुटांचे. गरीब कुटुंबाच्या हाती पूर्ण घर दिलं नाही. जोतं, संडास-न्हाणी, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय एवढं तयार दिलं. बाकीचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे उभारायचं होतं. कसं वाढवता येईल हे कळावं म्हणून ८० नमुना घरं बांधून दाखवली. त्यांत रस्त्याकडेचे ओटे होते, बाहेरून चढणारे जिने होते. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला.

हाच विचार आपल्याकडच्या एका गुंठ्यावर लावून पाहू. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, जागा चौरस असेल तर ३३ बाय ३३. चारी बाजूंनी चार-चार फूट सोडले तर २५ बाय २५ उरतात. (किती सोडायचं ते स्थानिक नियमांवर ठरतं, ते आधी विचारून घ्यावं.) आता जिना. दहा फूट चढायला सात इंची सतरा पायऱ्या लागतात, आणि मधे वळण घेणारा जिना साधारण सात बाय दहा फूट जागा घेतो. म्हणजे घराचा नववा हिस्सा एकट्या जिन्याचा! म्हणून त्याची जागा पहिल्या दिवशी ठरवावी. तो पश्चिमेच्या भिंतीला, दर्शनी बाजूनं घेतला तर दुपारचं ऊन अंगावर घेतो, खोल्या थंड राहतात आणि उद्या वरचा मजला भाड्यानं देता येतो.

स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास एकाच भिंतीला टेकलेले असावेत, वरची न्हाणी बरोबर त्यांच्या डोक्यावर. पाइप कमी लागतात, गळती शोधणं सोपं जातं.

काटकसर भिंतींत करता येते. केरळात आयुष्याचा मोठा काळ घालवलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचत. नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राही. जवळपास चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता कमी झिरपते. मात्र हे काम गवंड्याला शिकवावं लागतं. आधी एक छोटी भिंत रचून घ्यावी. बाहेरचा गिलावा, फरशीचा थाट, कपाटं हेही मागाहून होतं.

पायात मात्र एक रुपयाही वाचवू नये. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. तिथं अभियंत्याच्या सल्ल्यानं पक्क्या मुरुमापर्यंत खोदावं. वर मजला यायचा असेल तर पाया आणि कॉलम आजच दोन मजल्यांचे हवेत. घर उभं राहिल्यावर ते बदलणं फार महागात जातं. गच्चीवरच्या सळयांना सिमेंटचा घोळ लावून वर कच्चं काँक्रीट चढवावं, म्हणजे त्या गंजणार नाहीत.

खोदाई सुरू होण्याआधी एक संध्याकाळ सगळ्या घरानं जागेवर घालवावी. चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखाव्यात, सहा बाय चारची कॉट, कपाट, ओटा हेही आखावं, आणि घरातल्या बाईनं त्यातून चालून पाहावं. फक्कीची रेघ पुसायला काही खर्च येत नाही.