विश्लेषण : समोर अथांग समुद्र, तरी मालवणात पाणीटंचाई का?

चारी बाजूंनी खारं पाणी, तरीही सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या विहिरींना गोडं पाणी आहे. समोरच्या किनाऱ्यावर मात्र वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्यांना टंचाई सोसावी लागते. जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून पाणी झपाट्याने निघून जातं. किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहिरीत खारं पाणी शिरतं, ते वेगळंच.

मग समुद्राचंच पाणी गोडं का करू नये? त्याच्या लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरातल्या आरओसारख्याच पडद्यातून ते ढकलायचं, पण वातावरणाच्या ५५ ते ७० पट दाबाने! हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. मुंबई महापालिकेचा मनोरी इथला नियोजित प्रकल्प रोज २० कोटी लिटरचा आहे. महानगराला हे झेपेल. विखुरलेल्या वाड्यांपर्यंत जलवाहिनी नेणंच महागात जाईल.

शिवाय खेचलेल्या पाण्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त, जवळपास दुप्पट खारट होऊन समुद्रात परत जातं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आहेत, मासेमारीवर चालणारी घरं आहेत. हे पाणी सोडायचं कुठे?

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून रोज सुमारे १ लाख लिटर पाणी समुद्रातूनच मिळतं. तिथे नदी-ओढे नाहीत. मालवणात ओढे आहेत, आणि पावसाळा सरताच त्यांवर वनराई बंधारे घालण्याचा खर्च रिकाम्या गोण्या, माती आणि श्रमदान एवढाच.