नवी छोटी मोटार की जुनी मोठी?

बंगळुरूत पावसाळी संध्याकाळी एका दुचाकीवर पती, पत्नी आणि मध्ये दाटीवाटीने बसलेली दोन मुले, हे दृश्य नेहमीचे आहे. अशा कुटुंबाला चार चाके हवीशी वाटली, तर त्यात चैनीचा भाग थोडा आणि काळजीचा अधिक असतो. मग प्रश्न उभा राहतो : मोजक्या पैशांत नवी, अगदी लहान मोटार घ्यावी, की तितक्याच पैशांत थोडी मोठी, पण वापरलेली?

या प्रश्नाला आपल्या देशात टाटांच्या 'नॅनो'ने सर्वांत ठळक रूप दिले. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ही एक लाखाची मोटार जगापुढे आली आणि मार्च २००९ मध्ये बाजारात उतरली. तिच्या नोंदणीसाठी बँकांच्या शाखांत रीघ लागली. पहिल्याच फेरीत दोन लाखांहून अधिक अर्ज आले. तरीही २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्या वर्षीच्या जून महिन्यात कारखान्यातून अवघी एक नॅनो बाहेर पडली होती.

असे का झाले? एक कारण हिशेबाचे होते. एक लाख ही कारखान्यातील किंमत होती. वाहतूक, कर, नोंदणी आणि विमा जमेस धरता रक्कम बरीच वर जाई आणि वातानुकूलन हवे असल्यास आणखी महागडा प्रकार घ्यावा लागे. तेवढ्या पैशांत वापरलेली मारुती ८०० मिळू शकत होती. नॅनोचे इंजिन ६२४ सीसीचे, तर मारुतीचे ७९६ सीसीचे. शिवाय तिची दुरुस्ती गल्लीतल्या कोणत्याही मेकॅनिकला येई. एप्रिल २०१० मध्ये भारत-४ प्रदूषण मानके आल्यावर बंगळुरूसह १३ शहरांत नव्या मारुती ८०० ची विक्री बंद झाली. जुन्या मात्र रस्त्यावर राहिल्या.

बंगळुरूची स्वतःची छोटी मोटारही होती. २००१ मध्ये आलेली विजेवरची 'रेवा' दोन प्रौढ आणि दोन लहान मुलांपुरती होती. शहरात चालवायला ती स्वस्त पडे. परंतु तिच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागत आणि तो खर्च एकदम अंगावर येई. तात्पर्य, खरेदीची किंमत हा मोटारीच्या खर्चाचा केवळ पहिला आकडा असतो.

हप्ता आणि एकूण खर्च

केवळ उदाहरणादाखल हिशेब पाहू. नव्या मोटारीसाठी ३,५०,००० रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने ७ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५,६३० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १,२३,००० रुपये होते. जुन्या मोटारीसाठी २,००,००० रुपये १२ टक्के दराने ३ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ६,६४० रुपये, पण व्याज सुमारे ३९,००० रुपयेच. जुन्या मोटारीचा दर जास्त आणि हप्ताही मोठा. तरी व्याजाचा भार एक-तृतीयांशाहून कमी. केवळ हप्ता पाहून निर्णय घेणारा ग्राहक येथेच फसतो. अर्थात, वाचलेल्या रकमेतील काही भाग टायर, बॅटरी व दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावाच लागतो.

कागद आणि सुरक्षा

जुनी मोटार किती चांगली, हे इंजिनाइतकेच कागदांवरूनही ठरते. नोंदणी पुस्तकात आधीच्या बँकेचा बोजा असल्यास तो नमुना ३५ भरून उतरवून घ्यावा. मालकी नमुना २९ व ३० द्वारे आपल्या नावावर करावी आणि विमा हस्तांतरासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. आधीच्या मालकाची विनादावा सवलत आपल्याला मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

बंगळुरूतील मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बेळगावच्या नातेवाइकांची 'केए-२२' मोटार घेतल्यास राज्य तेच राहते. कोल्हापूरची 'एमएच-०९' मोटार कायमची आणल्यास मात्र ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि कर्नाटकचा आजीवन कर आला. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा वेगळा मागावा लागतो. स्वस्त वाटलेला सौदा येथे महाग ठरू शकतो.

सुरक्षेचा मुद्दा तर टाळण्याजोगा नाहीच. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत नॅनो आणि अल्टो ८०० या दोघींना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणून जुनी मोटार घ्यायचीच, तर त्यानंतर बनलेली पाहावी.

सारांश, कागद स्वच्छ असतील, जाणत्या मेकॅनिकने मोटार तपासली असेल आणि ती २०१९ नंतरची असेल, तर मर्यादित बचतीच्या कुटुंबाला वापरलेली मोटार अधिक लाभाची ठरते. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर लहान का होईना, नवी मोटार बरी. मुलांना दुचाकीवरून उतरवून सुरक्षित जागी बसवणे हा मूळ हेतू आहे; सौदा करताना त्याचा विसर पडू नये.