२० च्या आत कामगार आहेत म्हणून सुटलात? आधी हा हिशोब बघा



अधिवेशन संपलं की आमदारांच्या ऑफिसकडून मतदारसंघात एक अहवाल फिरतो. रस्ते, पाण्याची योजना, सभामंडप, फोटो, आणि शेवटी कुठेतरी मंजूर झालेले कायदे. आपण फोटो बघतो आणि कायद्यांचं पान सोडून देतो. पण आपल्या गल्ल्याशी खरा संबंध असतो तो त्याच पानाचा.

सध्या व्यापारी ग्रुपवर असल्याच एका पानातली एक ओळ कापून फिरतेय: "२० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना दिलासा." दोन-तीन ग्रुप फिरेपर्यंत तिचं झालं, "२० च्या आत असाल तर कामगार कायदा लागू नाही." आणि मागच्या बॅचमध्ये एका दादांनी सरळ विचारलं, "मग हजेरीपुस्तक बंद करू का?"

नाही दादा. बंद करू नका. का ते आज नीट बघू. माझ्या स्वतःच्या दुकानात काउंटर, गोडाऊन आणि डिलिव्हरी धरून ११ जण आहेत. म्हणजे या बदलाच्या बरोबर मधल्या पट्ट्यात मी पण बसतो.

नेमकं काय बदललं?

आपण ज्याला अजूनही "गुमास्ता" म्हणतो, तो जुना कायदा १९४८ चा होता. त्याच्या जागी महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा दुकाने व आस्थापना कायदा आणला. तो १० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना पूर्ण लागू होता. १० च्या आत असाल तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, नोंदणीची कटकट नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदल मंजूर केले आणि पुढे अध्यादेश निघाला. मुख्य गोष्टी या:

- १० चा आकडा २० झाला. २० च्या आत असलेल्यांना नोंदणी नाही, फक्त सूचना.
- रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तास.
- सलग ५ तासांनंतर द्यायची अर्ध्या तासाची विश्रांती आता ६ तासांनंतर.
- तीन महिन्यांत ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास.
- आठवड्याचे ४८ तास मात्र तेच राहिले.

आता अध्यादेश म्हणजे काय, हेही समजून घ्या. अधिवेशन चालू नसताना राज्यपालांच्या सहीने निघणारा तो तात्पुरता कायदा. सभागृह पुन्हा भरल्यावर तो तिथे मांडावा लागतो, आणि सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो आपोआप संपतो. म्हणजे आपल्या दुकानाचे तास किती, यावर हात वर करणारा माणूस तुमचा आमदारच असतो. म्हणून त्यांच्या अहवालातलं ते पान वाचायचं.

२० हा आकडा एकाच कायद्याचा आहे

सगळा गोंधळ इथे होतो. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्य पण कायदा करतं आणि केंद्र पण. राज्याने आपल्या कायद्यातला आकडा वाढवला म्हणून केंद्राच्या कायद्यातला आकडा वाढत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात. त्यामुळे तुमच्याकडे किती माणसं आहेत, त्याप्रमाणे हिशोब असा लावा.

एक माणूस असला तरी: किमान वेतन द्यावंच लागतं. बाई आणि पुरुष एकच काम करत असतील तर पगारात फरक चालत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला, तर त्याचा हिशोब कामाच्या दोन दिवसांत पूर्ण. "पुढच्या महिन्यात ये, बघू" हे आता विसरा. आणि १४ वर्षांखालचं मूल कामाला ठेवायचं नाही, मग ते चहा आणायला असो की गोण्या मोजायला. यात सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

१० झाले की: ग्रॅच्युइटी लागू. २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा लागू. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दुकानात अंतर्गत समिती नेमावी लागते. (१० च्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. म्हणजे तक्रारीचा हक्क तिथेही आहेच.) नेमणूकपत्र द्यावं लागतं. आणि कामाच्या सुरक्षिततेची जी केंद्राची संहिता आहे, ती पण १० कामगारांपासूनच लागते. तिच्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला जास्तीत जास्त ६ दिवस आणि जादा कामाला दुप्पट दर असं लिहिलंय.

२० झाले की: राज्याचा दुकाने कायदा पूर्ण, वर पीएफ आणि बोनस.

म्हणजे १२, १४, १७ माणसांच्या दुकानाला "कायदा लागू नाही" हे धादांत चुकीचं आहे. एका कायद्याची नोंदणी गेली, एवढंच खरं.

ग्रॅच्युइटीचा धक्का कसा बसतो

आपल्याकडे बहुतेक दुकानदार ग्रॅच्युइटी म्हणजे कंपन्यांची गोष्ट समजतात. सूत्र सोपं आहे. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं.

समजा तुमचा जुना सेल्समन १३,००० वर आहे आणि ८ वर्षं झालीत. १३,००० ला २६ ने भागलं की ५०० रुपये रोज. गुणिले १५ म्हणजे एका वर्षाचे ७,५००. आठ वर्षांचे ६०,००० रुपये. असे चार जुने लोक असतील तर २ लाख ४० हजार. ही रक्कम तुमच्या वहीत कुठेच दिसत नाही, पण देणं असतंच.

आणखी एक. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी १० माणसं होती, तरी हे लागू होतं. एकदा लागू झालं की नंतर माणसं कमी केली म्हणून सुटका नाही. दिवाळीत चार पोरं जास्त घेता ना? ती पण मोजा. उपाय एकच: दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. १३,००० च्या माणसासाठी महिन्याला ६२५ रुपये. ६२५ बाजूला काढणं जमतं, एकदम ६०,००० काढणं जड जातं.

"आता १० तास करता येतात" म्हणजे काय?

ज्यांच्याकडे २० किंवा जास्त लोक आहेत, त्यांच्यासाठी हा हिशोब. रोज १० तास, आठवड्याचे ६ दिवस, झाले ६० तास. मर्यादा ४८. म्हणजे वरचे १२ तास ओव्हरटाइम, दुप्पट दराने.

पगार १५,६०० असेल तर २६ दिवसांनी रोज ६०० पडतो. आठ तासांनी तासाला ७५. दुप्पट म्हणजे १५०. बारा तासांचे आठवड्याला १,८०० रुपये, एका माणसाचे. आणि तीन महिन्यांत १३ आठवडे धरले तर १२ गुणिले १३ म्हणजे १५६ तास. मर्यादा १४४. म्हणजे पैसे द्यायची तयारी असली तरी रोज १० तास, सहा दिवस, सगळा सीझनभर चालवता येत नाही. मर्यादा १० तासांची झाली म्हणजे दोन तास फुकट मिळाले, असं कुणी समजू नये.

ग्राहकाच्या कायद्यात माणसं मोजतच नाहीत

तुम्ही एकटे टपरी चालवा नाहीतर तीन मजली शोरूम, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सारखाच लागू. तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यातल्या तीन गोष्टी काउंटरवरच्या प्रत्येकाला पाठ पाहिजेत.

एक, विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली जाते. कच्च्या चिठ्ठीवर भागवायचे दिवस गेले. दोन, माल सदोष निघाला आणि तुम्ही परत घ्यायला नकार दिला, तर तीही अनुचित प्रथाच. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायचे. भिंतीवरची "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत तुम्हाला वाचवत नाही. रंग आवडला नाही म्हणून बदलून मागणं वेगळं, आणि पहिल्या धुण्यात शिवण उसवणं वेगळं. हा फरक काउंटरवरच्या मुलांना समजावून सांगा, निम्मी भांडणं तिथेच संपतील. तीन, ग्राहक आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे परगावचा ग्राहक "कुठे येतोय कोर्टात" असं समजू नका. तारखेला तुम्हाला त्याच्या गावी जावं लागेल.

याच्या जोडीला वजनकाटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी वैध मापन शास्त्र विभागाकडून करून घ्यायची आणि प्रमाणपत्र ग्राहकाला दिसेल असं लावायचं. आणि मराठी पाटी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती अगदी छोट्या दुकानालाही लागू आहे, आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत.

१४ जणांच्या दुकानातल्या ताईचं काय?

आता एक गोष्ट दुकानदार म्हणून नाही, माणूस म्हणून बोलतो.

राज्याच्या या कायद्यात कामगाराला वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ८ पगारी सुट्ट्या होत्या. त्यातल्या चार नावानिशी लिहिलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. हा हक्क १० माणसांच्या दुकानापासून मिळायचा, आता २० पासून. म्हणजे साडीच्या दुकानात १४ जणांमध्ये काम करणाऱ्या ताईच्या हातून महाराष्ट्र दिनाची, कामगार दिनाची पगारी सुट्टी या कायद्यापुरती गेली. पोरगं तापाने फणफणलं म्हणून खाडा केला तर त्या दिवसाचा पगार कापायचा की नाही, हे आता मालकाच्या मनावर.

दिलासा मला मिळाला, आणि तो मला हवाच होता. फॉर्म, नूतनीकरण, चकरा यातून छोटा दुकानदार खरंच दमतो. पण माझी कागदं कमी करायला तिच्या रजा कमी करायची गरज नव्हती. त्या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या.

मी माझ्या दुकानात आठ किरकोळ रजा आणि आठ सुट्ट्या तशाच ठेवल्यात, लिहून. यात उपकार काही नाही, सरळ धंदा आहे. तयार झालेली सेल्सगर्ल गेली की नवीन मुलीला माल, भाव आणि गिऱ्हाईक कळायला तीन-चार महिने जातात. तोपर्यंत जे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं, त्याची किंमत सोळा दिवसांच्या पगारापेक्षा जास्त पडते.

आमदार भेटले तर हे विचारा

वॉर्डातल्या कार्यक्रमात, व्यापारी संघाच्या बैठकीत, नाहीतर लेखी पत्राने. हे तीन प्रश्न:

१. १० ते १९ कामगारांच्या दुकानाला राज्याचा कायदा नाही पण केंद्राची संहिता आहे. मग तपासणीला कोण येणार आणि कुठल्या नियमाने?
२. नोंदणीतून सूट कायम ठेवून ८ किरकोळ रजा आणि ८ सुट्ट्या सगळ्या दुकानांना का ठेवता येत नाहीत?
३. तुमच्या पुढच्या अहवालात कायद्यांचं पान सोप्या मराठीत, "कुणाला लागू, कुणाला नाही" अशा तक्त्यात देणार का?

प्रश्न नम्रपणे विचारा, पण लेखी उत्तर मागा.

या आठवड्यात करायची कामं

- हजेरीपुस्तक आणि पगारपत्रक चालू ठेवा. उचल दिली तर तारीख टाकून सही घ्या.
- मागच्या १२ महिन्यांत जास्तीत जास्त किती माणसं होती, ते लिहून काढा. १०, २०, कुठल्या पट्ट्यात बसता ते कळेल.
- प्रत्येकाला एका पानाचं नेमणूकपत्र द्या: पगार, तास, सुट्टीचा वार, रजा.
- ग्रॅच्युइटीसाठी वेगळं खातं उघडा.
- बिलावर माल परत घ्यायची मुदत स्पष्ट छापा.
- काट्याच्या प्रमाणपत्राची तारीख बघा.
- शंका असेल तर फॉरवर्ड वाचून ठरवू नका, तुमच्या कर सल्लागाराला किंवा कामगार कार्यालयात विचारा.

तुमच्याकडे किती माणसं आहेत आणि कुठे अडतंय ते कळवा. सगळ्यात जास्त विचारलेल्या प्रश्नावर पुढचा व्हिडिओ करू. नेमणूकपत्राचा मराठी नमुनाही त्यातच भरून दाखवतो.

तोपर्यंत धंदा नीट करा, हिशोब चोख ठेवा. भेटू लवकरच!